वय झालेला घोडा नव्याने घरी आल्यावर: जमिनीवरच्या शिक्षणाचा क्रम

महाराष्ट्रात हौसेने पहिला घोडा घेणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा वय झालेले जनावर येते. मार्गशीर्षात तापीकाठी सारंगखेड्याला एकमुखी दत्ताची यात्रा भरते, नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, आणि तिथल्या घोडेबाजारात तरुण, उमदी जनावरे श्रीमंत शौकिनांकडे गेल्यावर सामान्य माणसाला परवडतील असे घोडे मागे उरतात. याशिवाय मुंबई-पुण्याच्या शर्यतींतून निवृत्त झालेले थरोब्रेड जातीचे घोडे, माथेरानच्या लाल मातीच्या वाटांवर पर्यटक वाहून थकलेले घोडे, टांग्यातून सुटलेले घोडे आणि वर्षानुवर्षे वरातीत नाचलेल्या घोड्या असतात. वय बारा, पंधरा, कधी अठरा. घोडा पंचवीस वर्षे सहज जगतो आणि नीट सांभाळला तर तिशीही गाठतो, तेव्हा पंधराव्या वर्षी घरी आलेल्या घोड्यासोबत अजून बराच काळ काढायचा असतो आणि तो नीट घालवण्यासारखा असतो.

अशा घोड्याची पाटी कोरी नसते. त्याला पुष्कळ काही येत असते. ते कोणी, कोणत्या खुणांनी आणि किती सक्तीने शिकवले, एवढेच नव्या मालकाला ठाऊक नसते. ज्याला आपण हट्ट किंवा खोड म्हणतो ती बहुधा जुन्या धन्याच्या खुणेला त्याने इमानाने दिलेली दाद असते. म्हणून प्रौढ घोड्याला शिकवताना निम्मे काम त्याला आधीपासून काय येते हे ओळखण्याचे असते. पाठीवर न बसता, पायउतार राहून, दोराच्या आधाराने करायच्या या कामाला घोडेस्वारीच्या क्लबांत ग्राउंडवर्क म्हणतात. त्याचा क्रम इथे दिला आहे.

आधी तपासणी, मग शिकवणी

पहिले दोन-तीन आठवडे घोड्याला इतर घोड्यांपासून वेगळे ठेवावे आणि याच काळात पशुवैद्यकाकडून त्याची पूर्ण तपासणी करून घ्यावी. ग्लँडर्स हा माणसालाही होणारा आणि कायद्याने कळवणे बंधनकारक असलेला रोग असल्यामुळे बाजारातून आलेल्या घोड्याच्या रक्ताची तपासणी टाळू नये. धनुर्वाताची लस घोड्याला अत्यावश्यक आहे, कारण या रोगाला घोडा फार लवकर बळी पडतो. माश्यांमुळे पसरणारा सर्रा हा रोग आणि पोटातले जंत यांविषयीही विचारून घ्यावे. निरोगी प्रौढ घोड्याचे तापमान विश्रांतीच्या वेळी साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ असतो. आपल्या घोड्याचे हे आकडे शांत वेळी मोजून लिहून ठेवले, म्हणजे पुढे तो बेचैन झाला तर घाबरला आहे की आजारी आहे हे ठरवताना हाताशी आधार राहतो.

विकणाऱ्याने सांगितलेले वय दातांवरून पडताळावे. वरच्या जबड्यातल्या समोरच्या दातांपैकी सर्वांत कडेच्या दातावर साधारण दहाव्या वर्षी हिरडीपाशी एक उभी, काळपट खाच दिसू लागते. ती पंधराव्या वर्षाच्या आसपास दाताच्या मध्यापर्यंत उतरते आणि विसाव्या वर्षाच्या सुमारास टोकाला पोहोचते. हा अंदाज आहे आणि घोड्यागणिक तो बदलतो, तरीही ‘नऊ वर्षांचा’ म्हणून आणलेला घोडा प्रत्यक्षात सतरा वर्षांचा आहे हे लक्षात यायला तो पुरेसा असतो.

दात पाहताना ओठांचे कोपरे, जीभ आणि दात नसलेली हिरडी हेही बारकाईने पाहावे. काटेरी लगामाच्या वापराला १९६५ च्या ओझेवाहू जनावरांविषयीच्या केंद्रीय नियमांनी मनाई आहे, पण असे लगाम आजही दिसतात आणि त्यांच्या जखमा वर्षानुवर्षे राहतात. जिभेवर जुना वण असलेला घोडा तोंडाजवळ हात आला की मान उंच फेकतो. ती भीती आहे, उद्धटपणा नव्हे, आणि तिच्यावर ओरडून उपाय होत नाही.

डोळे तपासण्यासाठी हाताचा वारा डोळ्याला लागणार नाही अशा बेताने दोन्ही बाजूंनी तळवा हळूच जवळ न्यावा आणि पापणी मिटते का ते पाहावे. वयानुसार मोतीबिंदू होतो, आणि एका डोळ्याने अधू असलेला घोडा त्या बाजूने आलेल्या माणसाला बुजतो. त्याला ‘बुजरा’ ठरवून सवय लावत बसण्याऐवजी त्या बाजूने जाताना आधी आवाज द्यावा. त्यानंतर कडक आणि सपाट जमिनीवर चालवून, मग दुडकीवर पळवून पाय पाहावेत. पुढच्या पायात दुखणे असेल तर दुखरा पाय टेकताना डोके वर उचलले जाते. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोटांचा हलका दाब देत मागे जावे आणि कुठे कातडी थरथरते, पाठ खचते किंवा कान मागे जातात ते टिपून ठेवावे. दुखणाऱ्या सांध्याला शिक्षणाने आराम पडत नाही, आणि वेदनेपोटी दिलेला नकार हा नकार म्हणून वाचणे हा अन्याय आहे.

पूर्वायुष्याची चौकशी

विकणाऱ्याकडून किमतीइतकीच ही माहिती घासाघीस करून काढावी: घोडा कोणत्या कामाला होता, त्याला कोणत्या बाजूने धरून नेत, थांबवताना आणि चालवताना काय म्हणत, बांधताना अगाडी-पिछाडी (पुढून आणि मागच्या पायांना बांधायचे दोर) लावत की नुसता दोर, नाल मारताना कसा उभा राहतो, चंदी, म्हणजे दाणा, काय आणि किती खातो. शर्यतींच्या तबेल्यात साईस, म्हणजे घोड्याची देखभाल करणारे, शीळ घालून घोड्याला लघवीची सवय लावतात. नव्या मालकाने गमतीने शीळ घातली की असा घोडा पाय फाकवून उभा राहतो, आणि कारण माहीत नसेल तर माणूस गोंधळतो.

प्रत्येक कामाने घोड्यावर वेगळा ठसा उमटवलेला असतो. शर्यतीच्या घोड्याला लगामावर ताण आला की जोर लावायची सवय असते, म्हणून दोर ओढून त्याला थांबवायला जाल तर तो अधिकच पुढे रेटतो. डोळ्यांना झापडे लावून टांगा ओढलेल्या घोड्याला मागून येणारी सायकल प्रथमच दिसू लागते आणि तो दचकतो. डोंगरवाटेवर माणसाच्या पाठोपाठ चाललेला घोडा उत्तम चालतो, पण त्याचे नाक तुमच्या पाठीला टेकलेले असते. माणसापासून अंतर राखायचे असते हेच त्याला कोणी सांगितलेले नसते.

वरातीच्या घोडीचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. चौदा-पंधरा वर्षांची अशी एक घोडी मागे सरकायला शिकवत असताना मी तिच्यासमोर उभा राहून दोर हलकेच थरथरवला. ही खूण बहुतेक घोड्यांना काही क्षणांत कळते. या घोडीने मान कमानीसारखी वळवली, पुढचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत उचलून धरला, टेकवला, मग डावा उचलला. दोर अधिक जोराने हलवल्यावर पाय अधिक उंच उचलला गेला आणि श्वास वाढला. दोराची थरथर म्हणजे नाच, एवढेच तिला आयुष्यभर शिकवले गेले होते, आणि ती आपले काम चोख करत होती. तिला रागावणे म्हणजे बरोबर उत्तराबद्दल शिक्षा करणे झाले असते. दोर पूर्ण स्थिर ठेवून, फक्त छातीवर बोटांचा दाब देऊन मागे सरकण्याची वेगळी खूण तिला द्यावी लागली. जुनी खूण पुसण्याच्या खटपटीत न पडता नवी, तिच्याशी गल्लत होणार नाही अशी खूण शोधणे हा प्रौढ घोड्याच्या बाबतीत जवळजवळ नेहमीच सोपा मार्ग असतो.

साहित्य आणि जागा

चांगली बसणारी मोहरकी, म्हणजे तोंडात कडी नसलेला हॉल्टर, साडेतीन ते चार मीटर लांबीचा जाडसर सुती दोर, गोल फिरवण्यासाठी सात-आठ मीटरचा दुसरा दोर आणि हाताची लांबी वाढवण्यापुरती एक लवचीक काठी एवढे पुरते. काठी मारण्यासाठी नाही. ज्याला हा मोह आवरत नाही त्याने ती हातात घेऊ नये. माणसाच्या पायात बंद, जाड बूट हवेत, चप्पल कदापि नको. हातमोजे घालावेत, आणि घोडा अनोळखी असेपर्यंत हेल्मेटही घालावे, कारण दुगाणीला वय नसते. दोर हाताला किंवा मनगटाला कधीही गुंडाळू नये. उरलेला दोर घड्या घालून मुठीत धरावा, म्हणजे घोडा उधळला तर घड्या सुटतील आणि हात अडकणार नाही.

जागा कुंपणाची, तारेचे टोक किंवा दगड नसलेली असावी. मुरमाड किंवा फरसबंद जमीन वयस्क सांध्यांना जाचते, आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल घसरडा होतो, म्हणून वाळूमिश्रित मऊ मातीचा भाग निवडावा. उन्हाळ्यात काम सकाळी लवकर उरकावे. एका वेळी पंधरा-वीस मिनिटे पुष्कळ झाली. दिवसातून दोन छोटे पाठ एका लांब पाठापेक्षा जास्त फळ देतात.

पहिली ओळख

घोड्याची नजर जवळजवळ साडेतीनशे अंशांत फिरते, पण कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीच्या थेट मागे त्याला दिसत नाही. म्हणून त्याच्याकडे सरळ समोरून किंवा मागून न जाता खांद्याच्या दिशेने, तिरके, बोलत जावे. पहिल्या दिवसांत काहीही मागू नये. चारा-पाणी घालावे, जवळ उभे राहावे, खरारा करावा. जुना चारा आणि चंदी एकदम बदलू नये. आठ-दहा दिवसांत हळूहळू बदल करावा, नाहीतर पोटशूळ होतो. वाळला चारा रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के हवा, म्हणजे साडेतीनशे किलोच्या घोड्याला सव्वापाच ते सात किलो. भुकेला घोडा शिकत नाही, आणि चंदीने फुगलेला, दिवसभर बांधलेला घोडा शांत राहात नाही. शिक्षणाच्या बऱ्याच तक्रारी चाऱ्यात आणि मोकळ्या फिरण्यात सुटतात.

मोकळ्या कुंपणात घोडा पकडू देत नसेल तर त्याच्या मागे लागू नये. दोन-चार पावले जवळ जावे, त्याने मान वळवून पाहिले की थांबावे, अंग तिरके करून उलट एक पाऊल मागे यावे. माणूस जवळ आला की काम किंवा मार, हीच त्याची समजूत असते; माणूस जवळ येतो आणि काही न मागता परत जातो, हे त्याला अनेकदा दिसू द्यावे. जवळ आल्यावर मोहरकी घालून, खाजवून, लगेच काढून सोडून द्यावे. गूळ किंवा गाजर हातावर देण्याची घाई नको, कारण त्यातून चावा घेण्याची सवय लागते, आणि चयापचय बिघडलेल्या वयस्क घोड्याला गूळ बाधतो. मानेच्या बुडाशी, खांद्यांवरच्या उंचवट्यावर बोटांनी खाजवणे हे उत्तम बक्षीस आहे. घोडेही एकमेकांना तिथेच खाजवतात.

दाब आणि सूट

पुढचे सगळे शिक्षण एका गोष्टीवर उभे आहे. घोडा दाबामुळे शिकत नाही, दाब सुटण्याने शिकतो. दोराचा ताण, बोटाचा स्पर्श, उचललेली काठी हे सर्व दाब आहेत. घोड्याने योग्य दिशेने केसभर जरी हालचाल केली, तरी त्याच क्षणी दाब पूर्णपणे काढला पाहिजे. तीन-चार सेकंद उशीर झाला तर तोवर घोड्याने दुसरेच काहीतरी केलेले असते आणि त्याला वाटते, सूट त्याबद्दल मिळाली. मान झटकली, सूट मिळाली. पुढच्या वेळी तो मान झटकणारच.

दाब हलका सुरू करावा, थोडा थांबावे, मग टप्प्याटप्प्याने वाढवावा, आणि प्रतिसाद येईपर्यंत टिकवावा. अर्ध्यात सोडला तर घोडा वाट पाहायला शिकतो. उलट, पहिल्याच क्षणी जोराचा दाब दिला तर हलकी खूण ओळखण्याची संधीच त्याला मिळत नाही. प्रौढ घोड्यांत एक विशेष अडचण असते. अनेकांनी वर्षानुवर्षे असा दाब सोसलेला असतो की काहीही केले तरी तो सुटत नसे, म्हणून त्यांनी प्रयत्न करणेच सोडलेले असते. असा घोडा थंड डोळ्यांनी उभा राहतो, ओढले तर ओढला जातो, आणि लोक त्याला ‘गरीब’ म्हणतात. त्याच्या बाबतीत अगदी क्षुल्लक प्रयत्नालाही सूट द्यावी लागते: वजन एका पायावरून दुसऱ्यावर गेले, कान वळला, एवढ्यालाही. काही दिवसांनी तो पुन्हा विचार करू लागतो, आणि तेव्हा थोडा अवखळही होतो. ते चांगले लक्षण आहे, त्याला चेपू नये.

सूट मिळाल्यावर घोडा ओठ चाटतो, तोंड हलवतो. याला ‘त्याला समजले’ असे मानण्याची पद्धत आहे. माझ्या मते एवढ्यावर विसंबू नये, कारण ताण ओसरतानाही घोडा हेच करतो. मान खाली येणे, पापण्यांची सावकाश हालचाल, लांब सोडलेला श्वास आणि सैल झालेली शेपटी ही लक्षणे एकत्र दिसली तर भरवसा ठेवावा.

पहिला धडा म्हणून डोके खाली आणणे शिकवावे. घोड्याच्या डाव्या बाजूला उभे राहून मोहरकीला लावलेला दोर हनुवटीखाली धरावा आणि खालच्या दिशेने, हाताच्या वजनाइतकाच ताण द्यावा. घोडा बहुधा आधी वर ओढेल. हात ताठ न करता त्याच्यासोबत वर जावा, पण ताण तेवढाच राहावा. डोके बोटभर खाली आले की हात उघडावा. याच रीतीने नाक गुडघ्याच्या उंचीपर्यंत येईल. मोहरकी घालणे, कानांना हात लावणे, औषध पाजणे हे सर्व यातून सोपे होते, आणि घाबरलेल्या घोड्याला पुन्हा शांत करण्याचे एक साधन हाती येते. कान पिळून काबूत ठेवलेल्या घोड्यांसाठी मी हा धडा कधीच घाईने उरकणार नाही.

चालणे, थांबणे, मागे सरकणे

घोड्याच्या मानेच्या मध्याशी, हातभर अंतर ठेवून उभे राहावे. आधी स्वतःच्या अंगाची हालचाल, मग शब्द, मग दोराचा हलका ताण, असा क्रम नेहमी सारखा ठेवावा. विकणाऱ्याने सांगितलेले जुने शब्द कामाचे असतील तर तेच वापरावेत. घोडा राजस्थानातून आला असेल आणि ‘चल’ आणि ‘बस’ ओळखत असेल तर ते बदलण्यात काही शहाणपणा नाही. घोडा हलला नाही तर समोर जाऊन ओढाताण करू नये, कारण समोर उभा असलेला माणूस त्याची वाटच अडवतो. त्याऐवजी बाजूला राहून दोर थोडा तिरका, डावीकडे किंवा उजवीकडे घ्यावा. तोल सावरण्यासाठी त्याला पाय उचलावाच लागतो, आणि पाय उचलताच दोर सैल करावा.

थांबताना स्वतः श्वास सोडून थांबावे, मग शब्द, मग दोर. घोडा पुढे निघून गेला तर त्याला एक-दोन पावले मागे न्यावे. मागे सरकण्यासाठी छातीच्या मध्यावर बोटांचा किंवा नाकपट्टीवर दोराचा हलका दाब द्यावा, आणि एका पावलावर समाधान मानावे. मागे जाताना पाय तिरक्या जोड्यांनी पडले पाहिजेत. घोडा पाय घासत, डोके वर करून, पाठ खचवून मागे जात असेल किंवा साफ नाकारत असेल, तर मागच्या पायांचे मोठे सांधे किंवा पाठ दुखत असण्याची शक्यता आधी तपासावी.

पाठीशी नाक लावून चालणाऱ्या घोड्याला अंतर शिकवण्यासाठी चालता चालता थांबावे, वळावे आणि कोपर बाहेर काढून त्याच्या नाकाची वाट व्यापावी. त्याला ढकलू नये. त्याचे नाक कोपराला लागले की त्याचे त्याला कळते. आपण एका पावलाने मागे सरकलो की घोडा जिंकतो आणि आपली जागा त्याची होते, हे मात्र पक्के लक्षात ठेवावे.

हे सर्व दोन्ही बाजूंनी करावे. आपल्याकडचे बहुतेक घोडे आयुष्यभर डाव्या बाजूने हाताळलेले असतात, आणि उजव्या बाजूला तोच माणूस त्यांना परका वाटतो. उजव्या बाजूचा प्रत्येक धडा पहिल्यापासून नव्याने शिकवावा लागतो.

पुठ्ठा आणि खांदा हलवणे

घोड्याची पुढे जाण्याची ताकद मागच्या पायांत असते. मागचा एक पाय दुसऱ्याच्या पुढून आडवा पडला की ती ताकद क्षणभर मोडते. म्हणून पुठ्ठा, म्हणजे घोड्याचा मागचा भाग, बाजूला सरकवता येणे हा उधळणाऱ्या घोड्यावरचा सर्वांत सुरक्षित ब्रेक आहे. डाव्या बाजूला, खांद्यापाशी उभे राहून दोराने नाक थोडे आपल्याकडे आणावे आणि जिथे पुढे स्वाराची टाच लागणार त्या जागी, कुशीच्या पुढे, बोटांचा दाब द्यावा. डावा मागचा पाय उजव्याच्या पुढून आडवा गेला की सूट.

पिछाडी लावून बांधलेल्या घोड्यांना हे अवघड जाते. दिवसाचे कित्येक तास ते एकाच रेषेत उभे राहिलेले असतात आणि बाजूला पाय टाकला की दोर अंगावर येतो, हे त्यांना पक्के ठाऊक असते. खुराच्या वर जुने वण असतील तर मागच्या पायांना दोर चाटू देऊ नये. अशा घोड्याचा पुठ्ठा हलवताना आधी फक्त नजर आणि उचललेला हात वापरावा, स्पर्श नंतर.

खांदा हलवणे याच्या उलट: मानेच्या मध्यावर आणि गालाजवळ दाब देऊन पुढचे पाय बाजूला न्यायचे. वयस्क घोड्याकडून दोन-तीन पावलेच मागावीत. जागच्या जागी गोल गोल फिरवणे त्याच्या सांध्यांना सोसत नाही.

बांधून उभे राहणे आणि पाय देणे

दोराच्या ताणाला मान देण्याचे शिक्षण पक्के होईपर्यंत घोड्याला खांबाला बांधून सोडून जाऊ नये. सुरुवातीला दोर नुसता खांबाभोवती एक वेढा देऊन हातात धरावा. घोड्याने मागे ओढले तर दोर थोडा सरकू द्यावा, ताण तेवढाच ठेवावा, आणि तो पुढे आला की सैल सोडावा. पुढे बांधताना दोर पाठीच्या उंचीइतका वर, झटक्यात सुटणाऱ्या गाठीने, आणि खांबाला थेट न बांधता सुतळीच्या कडीला बांधावा. घोडा खरोखर घाबरला तर सुतळी तुटेल, मान नाही.

पाय उचलताना खांद्यावरून हात सरकवत खुराच्या वरच्या घोट्यापर्यंत न्यावा, बोटांनी मागच्या शिरेवर हलका दाब द्यावा आणि वजन हलले तरी आधी सोडून द्यावे. मग दोन सेकंद, मग पाच, मग खूर साफ करण्याइतके. संधिवाताच्या घोड्याला मागचा पाय उंच धरणे यातना देते, म्हणून तो जमिनीलगत, मागच्या दिशेने धरावा, बाहेर ओढू नये. नालबंदाला हे आधी सांगावे आणि त्याला मध्ये मध्ये पाय टेकवू द्यायला लावावे. खुरांचे काम दर सहा ते आठ आठवड्यांनी करावे लागते, आणि पावसाळ्यात खुराच्या तळाशी सड लागते ती रोज साफ करावी लागते, त्यामुळे हा धडा चुकवून चालत नाही.

भीती कमी करणे

प्लॅस्टिकची पिशवी, छत्री, मोटारसायकल, फटाके यांची सवय लावताना वस्तू अंगावर लादू नये. पिशवी घोड्यापासून इतक्या लांब ठेवावी की तो पाहील पण हलणार नाही. मग थोडी जवळ, आणि तो स्थिर असतानाच परत लांब. घोडा सरकला तर पिशवी त्याच्यासोबत तेवढ्याच अंतरावर राहावी आणि पाय थांबताच ती मागे घ्यावी. त्याला कोपऱ्यात अडकवून ‘होऊन जाऊ दे’ म्हणत पिशवी अंगभर फिरवणे ही पद्धत प्रचलित आहे, पण त्यातून शांत घोडा मिळत नाही, थिजलेला घोडा मिळतो, आणि थिजलेला घोडा एके दिवशी कोणतीही पूर्वसूचना न देता उसळतो.

ढोल-ताशाला न घाबरणारी वरातीची घोडी रानातल्या टिटवीला बुजते. तेव्हा ‘हिला तर सगळ्याची सवय आहे’ या विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबू नये, प्रत्येक गोष्ट नव्याने पाहावी.

गोल फिरवणे

लांब दोरावर वर्तुळात फिरवण्याची लोकांना फार घाई असते, आणि वयस्क घोड्याच्या बाबतीत त्यानेच सर्वांत जास्त नुकसान होते. लहान वर्तुळात आतल्या बाजूच्या सांध्यांवर सतत तिरका भार येतो. वर्तुळ शक्यतो वीस मीटर व्यासाचे असावे. त्यासाठी सात-आठ मीटरच्या दोरासोबत आपणही लहान वर्तुळात चालत राहावे. सुरुवातीला फक्त चाल, प्रत्येक दिशेला तीन-चार मिनिटे. आपण घोड्याच्या कुशीच्या रेषेत राहिलो की तो पुढे जातो, खांद्याच्या पुढे गेलो की मंदावतो. दोर जमिनीवर लोळू नये आणि ताणूनही राहू नये. चाल समान झाली, दोन्ही दिशांना थांबणे जमले, मग थोडी दुडकी. घोडा थकेपर्यंत पळवणे म्हणजे शिक्षण नव्हे. थकलेला घोडा शांत दिसतो आणि दुसऱ्या दिवशी ताठरलेला निघतो.

कुंपणाबाहेर

आतले धडे शांतपणे जमू लागल्यावर घोड्याला दोरावर बाहेर न्यावे. जमले तर शेजारी एखादा स्थिर, अनुभवी घोडा असावा. पहिल्या फेऱ्या फाटकापासून दिसेल इतक्याच अंतरापर्यंत असाव्यात, आणि घोडा अस्वस्थ होण्याआधी परत फिरावे. वाहन आले तर घोड्याचे तोंड वाहनाकडे वळवावे आणि आपण वाहन व घोडा यांच्या मध्ये नव्हे, तर त्याच्या खांद्यापाशी उभे राहावे. ओढ्याचे पाणी, पूल, उतार इथे वाट पाहण्याचे धैर्य लागते. घोड्याने नाक खाली नेऊन वास घेतला की ते एक पाऊलच आहे, त्याला सूट द्यावी.

खोगिराची घाई करू नये. दोन्ही बाजूंनी चालणे, थांबणे, मागे सरकणे, पुठ्ठा हलवणे आणि बांधून शांत उभे राहणे अनोळखी जागेतही जमले, तंगाच्या (खोगीर आवळायच्या पोटाखालच्या पट्ट्याच्या) जागी दोराचा वेढा हलकेच आवळला तरी श्वास रोखला गेला नाही, आणि पशुवैद्यकाने पाठीला होकार दिला, तर खोगीर पाठीवर ठेवून पुन्हा हेच सारे धडे पहिल्यापासून घ्यावेत. पाठीला होकार मिळाला नाही तरी हे धडे बंद करू नयेत. चढ-उतारावर दोराने चालवणे, जमिनीवर ठेवलेले बांबू ओलांडणे आणि दोन-चार पावले मागे सरकणे यांनी ओझ्याशिवाय पाठीचे आणि मागच्या पायांचे स्नायू टिकतात, आणि ताठर सांध्यांना दिवसभर दावणीला उभे राहण्यापेक्षा असे हलके, रोजचे फिरणे केव्हाही मानवते.